नवे, बदललेले, काढून टाकलेले

शनिवारी रात्री अकरा वाजता बंदराच्या तळघरात
मी एकटी, आणि दोनशे बारा पानांची पुस्तिका.
वर त्रिएस्तेत बोरा सुटायच्या बेतात.
या वाऱ्याचं नाव इथले लोक
घरातल्या तापट माणसासारखं घेतात,
थोडं हळू आवाजात.

पान तीन. नवे:
डिस्क आता चालू असतानाच वाढवता येईल,
कुणाला बाहेर काढायला नको.
म्हणजे पंगत बसलेली असतानाच
भिंत मागे सरकवायची.
कर्नललाही टाके घालता येतील, भूल न देता.
हे मला आवडलं. कडेला खूण केली.

पान एकोणीस. बदललेले:
पासवर्डमधली आठव्याच्या पुढची अक्षरं
आता खरोखर वाचली जातील.
म्हणजे इतकी वर्षं
आम्ही लांबलचक गुपितं टाइप करत होतो
आणि यंत्र आठव्या अक्षराशीच मान डोलावून
दार उघडत होतं.
माझा पहिला नवरा असाच ऐकायचा.

पान चाळीस. काढून टाकलेले:
टेलनेट. आर-शेल. फ्लॉपीवरून उठणं.
कारण एवढंच, ‘वापर उरला नाही’.
हे पान मी भराभर उलटलं.
गेलेल्यांची यादी कोण सावकाश वाचतं?

दोनला मशीन उतरवलं.
त्याआधी शेवटचं विचारून घेतलं, किती दिवस जागं आहेस?
एक हजार चारशे अकरा.
पंखे थांबले
तेव्हा कळलं तळघर किती मोठं आहे.

चारला नवी आवृत्ती उठली, तक्रार न करता.
कॉफीची पोती, कंटेनर, जहाजांच्या वेळा,
सगळं जागच्या जागी.
मी थर्मास उघडला.

सहा चाळीसला सातव्या धक्क्यावरून झोरानचा फोन.
‘नेविया, भोंगा का वाजला नाही?
वारा शंभरावर गेलाय, दोघं क्रेनवर होते,
घसा फोडून उतरवले त्यांना.’
‘कुठला भोंगा?’ मी म्हटलं.
पलीकडे नुसता वारा.

शोधत शोधत पान एकशे सदतीस,
एकच ओळ, बारीक टाइपात:
नव्वद दिवस कुणी न फिरकलेली खाती
आता आपोआप बंद होतील.

लिव्हिओ झेरियाल.
दोन नोव्हेंबरांपूर्वी त्याला आम्ही
वरच्या गावच्या दफनभूमीत ठेवून आलो.
खातं बंद करायचं राहून गेलं होतं.
आळसानं, असं मी म्हणत आले.
त्याच्या नावावर तेवीस ओळी:
दर दहा मिनिटांनी धक्क्याच्या टोकावरचं वारामापक वाच,
नव्वदच्या वर गेलं तर क्रेनचा भोंगा वाजव.
मध्ये स्लोव्हेनमध्ये, त्याच्या खवचट वळणात, एक शेरा:
‘दोनदा विचार. पहिल्यांदा वारा बढाई मारतो.’

म्हणजे मेलेला माणूस
रात्रंदिवस उठून वाऱ्याची विचारपूस करत होता
आणि काल रात्री मी त्याला
पुस्तिकेप्रमाणे, पायरी पायरीनं, झोपवलं.

एका आज्ञेत खातं परत उघडता आलं असतं.
बोटं तिथवर गेलीही.

मग तेवीस ओळी माझ्या नावावर उतरवल्या.
सतरावी चालेना, ती आर-शेलनं भोंग्याला हाक मारायची;
पान चाळीस परत काढलं, या वेळी सावकाश.
हाक मारायची नवी रीत शिकवली.
शेऱ्याला हात लावला नाही.

सात पन्नासला भोंगा वाजला.
फरशीतून आधी पायांना कळला, मग कानांना.
झोरानचा फोन नाही आला;
भोंगा वाजला म्हणून कोण फोन करतं.

पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर
पेन्सिलीनं लिहून ठेवलं, पुढे जी कुणी येईल तिच्यासाठी:
भोंगा. आधी लिव्हिओ, आता नेविया.
वाऱ्याला दोनदा विचारणं:
बदललेलं नाही.